गव्हाच्या देशातील दोन बहिणी

कॅनडाच्या नकाशावर पूर्वेकडील मोठी सरोवरे आणि पश्चिमेकडील रॉकी पर्वत यांच्या दरम्यान मॅनिटोबा, सॅस्कॅचेवान आणि अल्बर्टा असे तीन प्रांत ओळीने मांडलेले दिसतात. त्यांच्या दक्षिण भागात शेकडो मैल पसरलेल्या गवताळ मैदानाला प्रेअरी म्हणतात. जगातील गव्हाच्या मोठ्या कोठारांपैकी हे एक. ह्या मैदानाचा इतिहास सांगताना रेल्वेचे रूळ, गव्हाचे नवे वाण आणि कोऱ्या जमिनीत पहिला नांगर घालणारा धाडसी पुरुष यांचे वर्णन हटकून येते. त्या पुरुषाच्या घरातल्या बायका आणि मुली मात्र बहुधा चौकटीबाहेरच राहतात. आज अशाच एका शेतावर वाढलेल्या दोन बहिणींची हकीकत सांगावयाची आहे. थोरली लिलियन बायनन आणि धाकटी फ्रान्सिस मेरियन बायनन.

या दोघींचा व्यवसाय पत्रकाराचा. त्याही काही मोठ्या राजकीय अग्रलेखांच्या लेखिका नव्हेत. वृत्तपत्रात स्त्रियांसाठी राखून ठेवलेले पान त्या चालवीत. पाककृती, शिवणकाम आणि मुलांची दुखणी यांनी ते पान भरावे, अशी मालकांची अपेक्षा असे. पण कॅनडात स्त्रियांना मताचा अधिकार ज्या प्रांतात सर्वांत आधी मिळाला, त्या मॅनिटोबाच्या कायद्यावर ह्या दोन बहिणींच्या हाताची खूण आहे. आणि तो अधिकार मिळून दोन वर्षेही लोटली नाहीत तोच दोघींनाही तो प्रांत सोडून परदेशी जावे लागले. त्यांचे यश आणि त्यांचा विजनवास या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून निघाल्या होत्या. तो स्वभाव नेमका कोणता, हे त्यांच्या चरित्रातच पाहिले पाहिजे.

लिलियनचा जन्म 1874 चा आणि फ्रान्सिसचा 1884 चा. दोघींमध्ये दहा वर्षांचे अंतर. दोघींचा जन्म ऑन्टारिओ प्रांतातला. 1889 मध्ये हे कुटुंब पश्चिमेकडे निघाले आणि मॅनिटोबाच्या नैर्ऋत्य भागात, हार्टनी या गावाजवळ शेती करू लागले. धाकटी फ्रान्सिस तेव्हा पाच वर्षांची होती. घराणे मेथडिस्ट पंथाचे. दारूबंदी, रविवारची उपासना आणि कडक शिस्त ह्या वातावरणात मुले वाढली.

त्या काळचे प्रेअरीवरचे जिणे सुखाचे नव्हते. हिवाळ्यात तपमान शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत उतरे. शेजारचे घर मैल-दोन मैलांवर, डॉक्टर त्याहून कितीतरी दूर. उन्हाळ्यात वणव्याची भीती, पीक डोळ्यांसमोर पिवळे होत असता अवकाळी दहिवराची भीती. पुरुष शेतात राबत, हे खरे; पण विहिरीचे पाणी, गाईंच्या धारा, लोणी, कोंबड्या, भाजीपाला, कपडे, बाळंतपणे आणि आजारपणे हा सर्व भार बायकांवर असे. मळणीच्या दिवसांत यंत्राबरोबर आलेल्या पंधरा-वीस गड्यांचे तिन्ही त्रिकाळ जेवण एकटी गृहिणी रांधी. पीक बुडालेल्या वर्षी तर अंडी आणि लोणी विकून आलेल्या पैशावर घर तरून जाई. शेत उभे राहिले ते दोघांच्या श्रमांवर, याविषयी कोणाला शंका नव्हती.

शंका होती ती कायद्याला. 1872 च्या जमीनविषयक कायद्याने कॅनडाच्या संघसरकारने ह्या मैदानात वसाहतीला उत्तेजन दिले होते. दहा डॉलर नोंदणीशुल्क भरावे, एकशेसाठ एकर जमीन घ्यावी, तेथे तीन वर्षे राहून ती लागवडीखाली आणावी, म्हणजे ती मालकीची होई. ह्या योजनेला होमस्टेड म्हणत. परंतु ही सवलत पुरुषांना होती. स्त्रीला ती मिळावयाची तर ती कुटुंबाची एकमेव कर्ती असली पाहिजे. म्हणजे बहुधा पदरी लहान मुले असलेली विधवा. अविवाहित मुलीला, मग ती कितीही कष्टाळू असो, ही जमीन मिळत नसे. गंमत अशी की, सीमेपलीकडे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 1862 पासून अविवाहित स्त्रियांनाही अशी जमीन घेता येत होती.

विवाहित स्त्रीची स्थिती याहून नाजूक होती. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात पतीच्या निधनानंतर त्याच्या स्थावराच्या तिसऱ्या हिश्शाचा तहहयात उपभोग घेण्याचा पत्नीचा अधिकार मान्य केलेला होता. त्याला डॉवर म्हणत. जमिनीच्या खरेदी-विक्रीत अडथळा नको, म्हणून मॅनिटोबाने 1885 मध्ये तो अधिकार रद्द केला. परिणाम असा झाला की, वीस वर्षे राबून उभे केलेले घर आणि शेत पतीने पत्नीला न विचारता विकले किंवा मृत्युपत्राने दुसऱ्याला देऊन टाकले, तर तिला तोंडातून शब्द काढता येत नसे.

ह्या गोष्टी बायनन भगिनी पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. आजूबाजूच्या घरांतून त्या हे पाहत होत्या. आणखीही एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सरकार जी जमीन दहा डॉलरांना वाटत होते, ती मुळात ओसाड नव्हती. आदिवासी जमातींशी 1871 पासून करार करून त्यांना राखीव वस्त्यांत ढकलले गेले आणि मगच हे चौकोन नकाशावर आखले गेले. वसाहतकारांच्या मुलींनी आपल्या हक्कांची भाषा सुरू केली ती अशा भूमीवर, की जिचे मूळ रहिवासी स्वतःच हक्काबाहेर पडलेले होते. या कहाणीचा शेवट सांगताना ह्या गोष्टीकडे पुन्हा वळावे लागेल.

शेती सोडून हे कुटुंब विसाव्या शतकाच्या आरंभी विनिपेगला आले. हे शहर तेव्हा कणसासारखे भरत होते. 1901 मध्ये तेथील वस्ती बेचाळीस हजार होती, ती 1911 मध्ये एक लक्ष छत्तीस हजारांवर गेली. पश्चिमेचा सारा गहू याच शहरातून पूर्वेकडे जाई आणि युरोपातून येणारे निर्वासित व वसाहतकार याच शहरातून पश्चिमेकडे जात. लिलियनने 1905 मध्ये विनिपेगच्या वेस्ली कॉलेजातून पदवी घेतली आणि काही काळ शिक्षिकेचे काम केले. 1906 मध्ये मॅनिटोबा फ्री प्रेस ह्या वजनदार वृत्तपत्राच्या साप्ताहिक आवृत्तीत स्त्रियांचे पान तिच्याकडे सोपविण्यात आले. ‘लिलियन लॉरी’ ह्या टोपणनावाने ती लिही. शेतकऱ्यांच्या बायका तिला पत्रे पाठवीत आणि ती पत्रे ‘होम लव्हिंग हार्ट्स’ या सदरात छापली जात.

ते सदर म्हणजे मैलोगणती पसरलेल्या एकाकी घरांची एक चावडीच झाली. कोणी मुरंब्याची कृती विचारी, कोणी मुलाच्या खोकल्यावर उपाय सांगे. पत्रलेखिका टोपणनावे घेत. त्यामुळे जे शेजारणीजवळही बोलता येत नसे ते ह्या सदरात निःसंकोच बोलले जाई. हळूहळू पाककृतींच्या आडून दुसरेच प्रश्न डोके वर काढू लागले. शेत विकून निघून गेलेला नवरा, मृत्युपत्रात नाव नसलेली बायको, मुलांच्या ताब्यासंबंधी आईला नसलेला अधिकार. एका घरातले दुःख हे त्या घराचे दैव वाटते. तेच दुःख शंभर पत्रांतून समोर आले म्हणजे ते कायद्याचे फळ आहे, हे ध्यानात येते. लिलियनच्या ते ध्यानात आले. डॉवरचा हक्क परत मिळावा म्हणून तिने लेखणी उचलली. शेजारच्या सॅस्कॅचेवान प्रांतात ग्रामीण गृहिणींचे होममेकर्स क्लब स्थापन होऊ लागले, तेव्हा त्या कामालाही तिने हातभार लावला. 1911 मध्ये तिने व्हर्नन थॉमस ह्या पत्रकाराशी विवाह केला. पण तिची लेखणी थांबली नाही.

धाकट्या फ्रान्सिसनेही प्रथम शिक्षिकेचे काम केले. पुढे विनिपेगमधील ईटन कंपनीच्या प्रचंड दुकानाच्या जाहिरात विभागात ती नोकरीस लागली. 1912 मध्ये ‘ग्रेन ग्रोअर्स गाइड’ ह्या नियतकालिकाच्या स्त्रीविभागाची ती संपादिका झाली. हे पत्र प्रेअरीवरील शेतकऱ्यांच्या संघटनांचे मुखपत्र होते. रेल्वे कंपन्या, धान्याचे व्यापारी आणि जकातीची धोरणे यांच्याविरुद्ध ते लढत असे. फ्रान्सिस त्यात ‘कंट्री होममेकर्स’ हे सदर चालवी आणि ‘डिक्सी पॅटन’ या नावाने मुलांसाठीही लिही. थोरली समजुतीने बोलणारी, माणसे जोडणारी. धाकटी सरळ मुद्द्याला हात घालणारी आणि मागे न हटणारी. दोन स्वभाव निराळे, पण कायदा वाचण्याची रीत दोघींची एकच होती. कायदा काय देतो यापेक्षा तो कोणाला वगळतो, हे त्या आधी पाहत.

याचे पहिले प्रत्यंतर फ्रान्सिस त्या पत्रात येताच मिळाले. स्त्रियांनाही होमस्टेडची जमीन मिळावी अशी मागणी करणारा एक अर्ज तिच्या आधीच्या संपादिकेने सुरू केला होता आणि त्यावर हजारो सह्या जमत होत्या. परंतु तो अर्ज फक्त ब्रिटिश जन्माच्या स्त्रियांपुरता होता. युक्रेन, पोलंड, जर्मनी, आइसलँड येथून आलेल्या ज्या स्त्रिया शेजारच्या शेतात तसेच राबत होत्या, त्यांचे नाव त्यात नव्हते. मागणी मान्य होण्याची शक्यता वाढावी म्हणून घातलेली ती मेख होती. फ्रान्सिसने आपल्याच पत्राच्या ह्या अर्जावर आक्षेप घेतला. श्रम सारखे असतील तर जन्मस्थळ कसले विचारता, असा तिचा प्रश्न होता. 1913 मध्ये हा अर्ज संघसरकारपुढे गेला आणि सरकारने तो मान्य केला नाही. 1930 मध्ये जमिनीचा कारभार प्रांतांकडे सोपविला जाईपर्यंत संघसरकारचा जुना नियम तसाच राहिला.

अर्ज-विनंत्यांनी काम भागत नाही, कायदे करणारांना निवडण्याचा अधिकार हाती आल्यावाचून कायदे बदलत नाहीत, ही खूणगाठ आता विनिपेगच्या पत्रकार स्त्रियांनी बांधली. 1912 मध्ये त्यांनी पोलिटिकल इक्वॅलिटी लीग ही संस्था स्थापन केली. लिलियन व फ्रान्सिस तिच्या प्रमुख संस्थापकांत होत्या. कथालेखिका आणि फर्डी वक्ती नेली मॅक्लंग तिच्यात होती. गव्हाच्या पिकाचा अचूक अंदाज वर्तविणारी म्हणून नावाजलेली कोरा हाइंड होती. डॉक्टर मेरी क्रॉफर्ड होती. पुरुष सभासदही होते. मॅक्लंगही प्रेअरीवरील शेतावरच वाढलेली. ह्या स्त्रिया इंग्लंडमधील चळवळीप्रमाणे खिडक्या फोडीत नव्हत्या, तुरुंगातही जात नव्हत्या. त्यांचे शस्त्र होते विनोद.

27 जानेवारी 1914 रोजी लीगचे शिष्टमंडळ प्रांताचे मुख्यमंत्री सर रॉडमंड रॉब्लिन यांना भेटले. रॉब्लिन वृत्तीने सौजन्यशील. त्यांनी मातृत्वाची स्तुती केली, स्त्री ही देवतेप्रमाणे पूज्य असल्याचे सांगितले आणि नकार दिला. मताधिकाराने घर मोडेल आणि मुले मोलकरणींच्या हाती पडतील, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. प्रेअरीवरच्या शेतकऱ्याच्या बायकोच्या घरी मोलकरीण कोठून असावयाची, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नसावा. शिष्टमंडळ शांतपणे परतले, कारण त्यांना दुसऱ्या दिवसाची तयारी करावयाची होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे 28 जानेवारी 1914 रोजी, विनिपेगच्या वॉकर थिएटरमध्ये लीगने एक लुटुपुटीची विधानसभा भरविली. ही कल्पना पुढे आणण्याचे श्रेय लिलियनकडे जाते. रंगभूमीवरच्या त्या राज्यात सर्व अधिकार स्त्रियांच्या हाती होते आणि मताधिकार मागावयास आले होते पुरुष. हातगाडीवर अर्ज लादून त्यांचे शिष्टमंडळ सभागृहात शिरले. पुरुषांनी भडक तांबडे गळपट्टे आणि उंच कॉलर घालू नयेत, यासंबंधीच्या अर्जावर गंभीर चर्चा झाली. शेवटी मुख्यमंत्र्याच्या भूमिकेत नेली मॅक्लंग उभी राहिली. आदल्या दिवशी रॉब्लिन यांनी केलेले भाषण तिने हावभावांसकट जसेच्या तसे फिरवून पुरुषांना ऐकविले. पुरुष किती गोड आहेत, किती सालस आहेत, पण राजकारणाने त्यांचे चित्त बिघडेल आणि घराची घडी विस्कटेल! प्रेक्षक हसून हसून बेजार झाले. जो युक्तिवाद स्त्रियांविषयी ऐकताना वर्षानुवर्षे शहाणपणाचा वाटत आला होता, तो पुरुषांविषयी ऐकताच पोकळ ठरला. पुढे ह्या प्रयोगाची आठवण मॅनिटोबाच्या लोककथांत जाऊन बसली.

1915 च्या मे महिन्यात विधानभवनाच्या बांधकामातील गैरव्यवहाराच्या प्रकरणात रॉब्लिन यांना राजीनामा द्यावा लागला आणि ऑगस्टमधील निवडणुकीत टी. सी. नॉरिस यांचा लिबरल पक्ष अधिकारावर आला. नॉरिस यांनी मताधिकाराचे वचन दिले होते. परंतु स्त्रियांनाच तो हवा आहे हे सह्यांनी सिद्ध करा, असेही म्हटले होते. कडाक्याच्या थंडीला तोंड देत लीगच्या स्त्रियांनी दारोदार फिरून सह्या जमविल्या. डिसेंबर 1915 मध्ये एकोणचाळीस हजार पाचशे चौऱ्याऐंशी सह्यांचा अर्ज सरकारला सादर झाला. त्याच्या जोडीला आणखी एक अर्ज होता. त्यावरच्या चार हजार दोनशे पन्नास सह्या नव्वदी उलटलेल्या अमेलिया बरिट नावाच्या एका वृद्धेने एकटीने गोळा केल्या होत्या.

आता विजय हातात आल्यासारखा होता आणि याच क्षणी बायनन भगिनींची खरी कसोटी लागली. जानेवारी 1916 मध्ये विधेयकाचा मसुदा तयार झाला. तो विधानसभेपुढे येण्यापूर्वी लिलियनच्या दृष्टीस पडला. तिने तो नीट वाचला आणि तिच्या लक्षात आले की, ह्या मसुद्याने स्त्रियांना मत देता येत होते, पण विधानसभेवर निवडून जाता येत नव्हते. ज्या सभागृहाची दारे ठोठावण्यात एवढी वर्षे गेली, त्याच्या उंबरठ्यावर त्यांना उभे करून आतले आसन पुन्हा पुरुषांपुरते राखले जात होते.

कोणी म्हणाले असते, मत तर मिळते आहे ना, बाकीचे पुढे पाहू. लिलियनने तसे म्हटले नाही. त्या वेळी ब्रँडन येथे धान्य पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे वार्षिक अधिवेशन भरले होते आणि फ्रान्सिस तेथे उपस्थित होती. लिलियनने तिला टेलिफोन केला. विधेयकातील ही उणीव दूर झाली नाही तर शेतकऱ्यांच्या भर अधिवेशनात तिचा उच्चार होईल, असा निरोप सरकारपर्यंत पोहोचला. ही धमकी किरकोळ नव्हती. नॉरिस यांचा पक्ष शेतकऱ्यांच्या मतांवरच उभा होता. थोड्याच वेळात दुरुस्तीचे आश्वासन आले. विधेयक एकमताने मंजूर झाले आणि 28 जानेवारी 1916 रोजी त्याचे कायद्यात रूपांतर झाले. वॉकर थिएटरमधील त्या रात्रीला त्या दिवशी बरोबर दोन वर्षे पुरी झाली होती. मार्चमध्ये सॅस्कॅचेवानने आणि एप्रिलमध्ये अल्बर्टाने मॅनिटोबाचा कित्ता गिरविला.

ह्या दुरुस्तीचे महत्त्व आपल्या देशातील श्रोत्यांच्या सहज ध्यानी येईल. 1919 च्या सुधारणांनंतर मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या कायदेमंडळांनी 1921 मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला. परंतु कायदेमंडळात बसण्याची वाट त्यांच्यासाठी 1926 पर्यंत बंदच होती. विनिपेगच्या मसुद्यात जी फट होती तीच ही. मॅनिटोबात ती एका टेलिफोनने बुजविली गेली. 1920 मध्ये एडिथ रॉजर्स ह्या मॅनिटोबाच्या विधानसभेवर निवडून गेलेल्या पहिल्या स्त्री सभासद ठरल्या. त्या मेटी, म्हणजे युरोपीय आणि आदिवासी अशा मिश्र वंशपरंपरेच्या होत्या. डॉवरचा कायदाही 1918 मध्ये मॅनिटोबात झाला आणि पत्नीच्या संमतीवाचून राहते घर विकण्याला आळा बसला.

येथे ही कहाणी संपविली असती तर ती सुखान्त झाली असती. परंतु पहिले महायुद्ध चालू होते. 1916 च्या अखेरीस संघराज्याच्या निवडणुकीत स्त्रियांना मत द्यावयाचे की नाही, हा प्रश्न निघाला. नेली मॅक्लंगचा मुलगा आघाडीवर गेलेला होता. तिने पंतप्रधान बोर्डन यांना सुचविले की, युद्धकाळापुरता हा अधिकार ब्रिटिश आणि कॅनडात जन्मलेल्या स्त्रियांना द्यावा. परकीय वंशाचे पुरुष मतदान करतात आणि सैन्यात गेलेल्यांची मते मात्र घटतात, ही त्यामागची चिंता. फ्रान्सिसपुढे पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहिला. या खेपेस समोर विरोधक नव्हता, लढ्यातली सर्वांत मोठी सहकारी होती. तरीही तिने ‘गाइड’मधून ह्या सूचनेला जाहीर विरोध केला. शेजारणीला वगळून मिळालेला हक्क हा हक्क नव्हे, ती मेहेरबानी आहे; आणि मेहेरबानी देणाराला ती केव्हाही परत घेता येते, असा तिच्या विचाराचा आशय होता. मॅक्लंगचे मोठेपण असे की, तिने तो विरोध मानून आपली सूचना मागे घेतली.

सरकारने मात्र ती वाट सोडली नाही. सप्टेंबर 1917 मध्ये संघसरकारने केलेल्या निवडणुकीच्या कायद्याने सैनिकांच्या आया, बहिणी, पत्नी आणि मुली यांना मत दिले. आणि शत्रुराष्ट्रांत जन्मलेल्या व 1902 नंतर नागरिकत्व घेतलेल्या हजारो लोकांचे मत काढून घेतले. एका हाताने द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने घ्यावयाचे, ही जी रीत फ्रान्सिसने चार वर्षांपूर्वी होमस्टेडच्या अर्जात हेरली होती, तीच आता राष्ट्राचा कायदा होऊन आली.

हा कायदा झाला तेव्हा दोघी बहिणी विनिपेगमध्ये राहिल्या नव्हत्या. 1917 च्या आरंभी विधानसभेत एफ. जे. डिक्सन ह्या सभासदाने युद्धकालीन धोरणाविरुद्ध भाषण केले. सभागृहात वार्ताहर म्हणून हजर असलेल्या लिलियनच्या पतीने पुढे होऊन त्यांचे हस्तांदोलन करून अभिनंदन केले. त्या एका हस्तांदोलनापायी त्याची नोकरी गेली. पती-पत्नी न्यूयॉर्कला निघून गेली. इकडे फ्रान्सिस सक्तीच्या सैन्यभरतीला उघड विरोध करीत होती. इतका गंभीर प्रश्न लोकमत घेतल्यावाचून सोडविता कामा नये आणि त्यात स्त्रियांचेही मत घेतले पाहिजे, असे तिचे म्हणणे. तिच्या पत्राच्या संपादकांचा पक्ष सक्तीच्या बाजूचा होता. वातावरण इतके तापलेले होते की, शांततेची भाषा बोलणारा माणूस देशद्रोही ठरत असे. 1917 च्या उन्हाळ्यात तिने संपादकपद सोडले आणि बहिणीच्या मागोमाग तीही न्यूयॉर्कला गेली. जिच्या लेखणीने प्रेअरीवरील स्त्रियांना मत मिळवून दिले, तिलाच आपले मत मांडण्यासाठी तेथे जागा उरली नाही.

न्यूयॉर्कमध्ये ही मंडळी खलाशांसाठी चाललेल्या एका धार्मिक सेवासंस्थेत काम करू लागली. 1919 मध्ये फ्रान्सिसची ‘अलेटा डे’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. प्रेअरीच्या शेतावर धाकाखाली वाढलेली एक मुलगी पत्रकार होते, स्त्रियांच्या हक्कांसाठी लढते, युद्धाला विरोध करते आणि त्याच वेळी युद्धावर जाणाऱ्या एका पुरुषावर प्रेम करते, असे तिचे कथानक आहे. अलेटाच्या रूपाने लेखिकेने स्वतःचेच मन उलगडून दाखविले आहे, हे वाचणाराला सांगावे लागत नाही. त्या काळी कादंबरीकडे फारसे लक्ष गेले नाही. 1988 मध्ये ती पुन्हा छापली गेली आणि मग कॅनडातील अभ्यासकांना एका विसरलेल्या स्त्रीचा शोध लागला.

लिलियन आणि तिचे पती 1920 नंतरच्या दशकात विनिपेगला परतले. लिलियनने पुढे कथा आणि नाटके लिहिली. ‘जिम बार्बर्स स्पाइट फेन्स’ ही तिची नाट्यकृती बरीच गाजली. 1946 मध्ये तिची ‘न्यू सीक्रेट’ ही कादंबरी निघाली. फ्रान्सिस मात्र न्यूयॉर्कमध्येच अज्ञातवासात राहिल्यासारखी राहिली. ती विनिपेगला परतली ती 1951 मध्ये आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये तेथेच तिने देह ठेवला. लिलियन 1961 मध्ये वारली. रस्त्यांना आणि शाळांना नावे मिळाली ती प्रामुख्याने नेली मॅक्लंगची. तिचा तो अधिकारही होता. बायनन भगिनींची आठवण बराच काळ वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींतच राहिली.

ह्या बहिणींच्या मोठेपणाचा हिशेब करताना त्यांच्या काळाची मर्यादा विसरून चालणार नाही. 1916 चा कायदा संपूर्ण म्हणून गौरविला गेला. तरी करारबद्ध आदिवासींना मॅनिटोबाच्या निवडणुकीत मत देता येऊ लागले ते 1952 मध्ये, आणि संघराज्याच्या निवडणुकीत आपला आदिवासी दर्जा न गमावता मत देण्याचा हक्क त्यांना मिळाला तो 1960 मध्ये. ज्यांच्या भूमीवर ते शेत उभे होते, तेच त्या शेताच्या मुलींनी मिळविलेल्या हक्काबाहेर आणखी कित्येक वर्षे राहिले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात भारतीय वंशाच्या लोकांचे मत 1907 मध्ये काढून घेण्यात आले होते. ते त्यांना 1947 मध्ये परत मिळाले. म्हणजे फ्रान्सिसने जो प्रश्न विचारला होता तो तिच्या पिढीत पुरता सुटला नाही. तिच्या स्वतःच्या चळवळीलाही तो शेवटपर्यंत विचारता आला नाही.

पण प्रश्न विचारण्याची रीत तिने आणि तिच्या बहिणीने घालून दिली. कोणताही कायदा समोर आला, की त्याच्या मथळ्यावर समाधान मानू नये. तो कोणाकोणाला बाहेर ठेवतो ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, आणि बाहेर राहिलेला माणूस आपल्या रक्ताचा, भाषेचा किंवा पक्षाचा नसला तरी त्याच्यासाठी थांबावे. विजयाच्या आदल्या दिवशी असे थांबणे कठीण असते. मित्राविरुद्ध थांबणे त्याहून कठीण. हार्टनीजवळच्या शेतावर वाढलेल्या ह्या दोन मुली दोन्ही वेळा थांबल्या. त्यांपैकी पहिल्या वेळी त्यांना यश लाभले आणि दुसऱ्या वेळी विजनवास. दोन्ही खेपांना त्यांनी केले मात्र एकच. श्रमात वाटा असलेल्या प्रत्येकाचा हक्कातही वाटा असतो, हा शेतावर शिकलेला साधा हिशेब त्यांनी कोणाच्याही भिडेखातर बदलला नाही.